एका नंबरामागची माणसं

रूपाली घाडी पेशंटला फोन लावते तेव्हा आधी स्वतःचं नाव सांगत नाही. आधी विचारते, "थेंब घातलासा काय?" पलीकडच्या माणसाला तेवढ्यावरच कळतं, की बेळगावच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातली आक्का बोलतेय.

हॉस्पिटल बेळगावच्या अनगोळ भागात. एका ट्रस्टचं, धर्मादाय. खानापूर तालुक्यातल्या गावांत जाऊन डोळे तपासायचे, मोतीबिंदू असलेल्यांना जीपमधून बेळगावला आणायचं, ऑपरेशन करायचं आणि पुन्हा गावाला सोडायचं, असं त्याचं काम चालतं. रूपाली तिथं लागली तेव्हा नुकतीच लग्न होऊन अनगोळात आली होती. बी.ए. झालेली, अक्षर बरं, कानडी येणारी, म्हणून तिला काउंटरवर बसवलं. पुढं डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या, ती तिथंच राहिली. घरी गेलेल्या पेशंटची चौकशी करायची, तपासणीची तारीख आठवण करून द्यायची, न आलेल्याला हुडकून काढायचं, हे काम कुणी तिला दिलं नव्हतं, पण होता होता तिचंच झालं.

त्यासाठी काउंटरमागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. त्यातला प्रोग्राम ज्यानं बनवून दिला तो बेंगळुरूला गेला आणि त्याचा नंबरही बदलला. नावं जुन्या मराठी टायपिंगमध्ये होती, ती फक्त त्याच मशीनवर वाचता यायची. उन्हाळ्यात मशीन तापायचं, मग त्याच्यावर टेबल फॅन सोडायचा. एकदा त्याची डिस्कच गेली. दुरुस्त होऊन आली तेव्हा एका हंगामाची सगळी नावं गायब होती. त्यात रवळू नावाचा एक शेतकरी होता, काचबिंदूचा पेशंट. त्याला दर तीन महिन्यांनी बोलवायचं होतं. नावच नाही, तर फोन कुणाला जाणार? तो आला तो दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. "तुमचा फोन आला न्हाय, म्हटलं आता बरं झालं असंल," एवढंच तो म्हणाला. रागानं सुद्धा नाही. रूपालीला ते वाक्य पुष्कळ दिवस जेवू देत नव्हतं.

म्हणून ट्रस्टनं नवीन सिस्टीम घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला, आणि सगळ्यात जास्त भीतीही तिलाच वाटली.

काम निपाणीच्या वृषभ चौगुलेकडं आलं. तिशीतला मुलगा, शांत, बोलताना मध्येच कानडी वळण घेणारा. पहिल्या बैठकीत ट्रस्टचे सेक्रेटरी मारुतीराव म्हणाले, "सोमवारपासून नवीन चालू करा. जुनं बंद. दोन-दोन ठिकाणी कशाला लिहीत बसायचं?"

"सर, महिनाभर दोन्ही चालू दे," रूपाली म्हणाली. "नवीन काय कसं वागतंय ते बघूया तरी."

मारुतीरावांनी वृषभकडं पाहिलं. त्यांना वाटलं होतं, हा आपल्या बाजूनं बोलेल. वृषभ म्हणाला, "आक्का बोलतात ते बरोबर आहे सर. आधी जुन्या डेटाची कॉपी काढायची. जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. मूळ डेटाला हात लावायचा नाही."

पहिल्या प्रयोगात सगळी नावं चिन्हांची खिचडी होऊन आली. जुनं टायपिंग नव्या सिस्टीमला कळेना. वृषभनं ते बदलून देणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. मग नावं आली, पण जोडाक्षरं तुटलेली. मष्णूचा 'मषणू' झाला, कृष्णाबाईचं भलतंच काही. रोज दुपारी ओपीडी संपली की दोघं शेजारी बसायची. ती जुन्या मशीनवरचं नाव वाचायची, तो नव्यातलं बघायचा. नावं, वय, गावं, नंबर. काही नंबर तिनं मुद्दाम लावून पाहिले. हळूहळू सगळं जुळत आलं.

शेवटच्या दिवशी वृषभ म्हणाला, "आक्का, डबल नोंदी लई हैत. एकाच नंबरावर दोन-दोन, तीन-तीन. एकत्र करू काय?"

हे खरंच होतं. एकच बाई तीन शिबिरांत येऊन तीनदा नाव लिहून जायची. त्या डबल नोंदींनी रूपाली वैतागलेली होती. ती चहा घेत होती. म्हणाली, "कर की."

पुढच्याच आठवड्यात गुंजीच्या शिबिरातल्या लोकांची ऑपरेशनं झाली. शिबिर आधीचं, जुन्या मशीनच्या वेळचं, त्यामुळं त्यांची नावं तिकडून इकडं आलेलीच होती. बुधवारी बत्तीस जणांची ऑपरेशनं झाली, गुरुवारी पट्ट्या काढून, काळे चष्मे देऊन सगळ्यांना गावी सोडलं. वॉर्डातलं काम केसपेपरवर चालायचं, त्यामुळं तिथं कुणाला काही वावगं जाणवलं नाही. फक्त केसपेपरवर फोन नंबर लिहायचं आता बंद झालं होतं. नंबर सिस्टीममध्ये आहेच, मग पुन्हा कशाला, असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी गुंजीहून रेल्वेनं शालूबाई आली. सोबत सून. डोळ्यावर पदर दाबलेला, तोंड वेडंवाकडं झालेलं. "रातभर ठणका लागलाय बघ आक्का," ती म्हणाली. डॉक्टर पूर्णिमा मॅडमनी तिला आत घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. तेवढ्यात त्याच शिबिरातला आणखी एक म्हातारा रिक्षातून उतरला, तोही डोळा धरून.

मॅडमनी रूपालीला आत बोलावलं, दार लावलं.

"डोळ्याच्या आत पू झालाय. दोघांच्याही. ऑपरेशनच्या वेळी डोळा धुवायला वापरलेलं औषध खराब निघालं असणार. ती पेटी त्या दिवशी सगळ्यांना वापरलीय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बत्तीसच्या बत्तीस. ज्यांचं दुखत नाही त्यांनासुद्धा आजच बघायला पाहिजे. डोळ्यात इंजेक्शन देऊन वाचवता येतं, पण उद्यावर गेलं तर मी सांगू शकत नाही. सगळ्यांना बोलव, रूपाली. आत्ता."

रूपाली काउंटरवर आली.  नव्या सिस्टीममध्ये बुधवारची ऑपरेशनं काढली आणि तिची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथं एका मेसेजची वेळ दिसत होती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळ्यांना आपोआप जाणारा मेसेज: आपला डोळा बरा होत आहे, काळजी करू नये, थेंब चालू ठेवावेत, पुढील बुधवारी तपासणीस यावे.

अकराला थोडाच वेळ होता. तिनं तो थांबवायचा प्रयत्न केला. तुम्हाला परवानगी नाही, असं स्क्रीनवर आलं. थांबवायचा अधिकार फक्त वृषभकडं. तिनं त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. वृषभ निपाणीत घरी पूजेला बसला होता, फोन बाहेरच्या खोलीत.

ती थांबली नाही, दुसऱ्या फोनवरून पेशंटना लावायला सुरुवात केली. नर्सनं एक फोन घेतला. मारुतीराव काही कामासाठी आले होते, त्यांनीही काही न विचारता खुर्ची ओढली आणि नंबर मागितले. पहिल्या फोनवर एका म्हातारीचा नातू म्हणाला, "आज्जी बरी हाय की." रूपाली म्हणाली, "बरी असली तरी घेऊन ये. आत्ता निघ. गाडीचं भाडं हॉस्पिटल दील."

तेवढ्यात मारुतीरावांच्या फोनवर पलीकडचा माणूस वाद घालू लागला. "अवो, आत्ताच तुमचा मेसेज आलाय. डोळा बरा होत हाय, बुधवारी या म्हणून. आता तुम्ही म्हणता आज या. खरं काय धरू?"

मारुतीरावांनी फोनवर हात ठेवून रूपालीकडं पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

वृषभचा फोन आला. "आक्का, एवढे मिस्ड कॉल?" तिनं दोन वाक्यांत सांगितलं. कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गेला आक्का. अठ्ठावीस जणांना गेला. लगेच दुसरा पाठवतो, की पहिला चुकीचा होता, ताबडतोब या."

"अठ्ठावीस?" रूपाली म्हणाली. "माणसं बत्तीस हैत की रं."

पलीकडं पुन्हा कीबोर्डचा आवाज आला.

"वृषभ?"

"त्या डबल नोंदी," तो सावकाश म्हणाला. "एकाच नंबरावरच्या. आपण एकत्र केल्या त्या. ती सगळी एकच माणसं नसणार आक्का."

 गावात सगळ्या म्हाताऱ्यांकडं कुठला फोन? कुणी नातवाचा नंबर देतं, कुणी शेजाऱ्याचा. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. रोज तिचं तेच काम. आणि तरी तिनं चहाचा कप हातात धरून 'कर की' म्हटलं होतं.

तिनं केसपेपर आणवले, नावं स्क्रीनशी लावून पाहिली. चार नावं नव्हती. तिघंजण गुंजीजवळच्या एकाच वाडीतले, आणि चौथा मष्णू. नाव होतं, गाव होतं, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं ते नव्हतं. ती धावत मागच्या खोलीत गेली, जुन्या मशीनचं बटण दाबलं. पंखा घुर्र करून फिरला, निळा स्क्रीन आला आणि बंद झाला. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"मशीन चालू हुईना," ती फोनवर म्हणाली. 

"सोडा ते. माझ्याकडं कॉपी हाय," वृषभ म्हणाला. "पहिल्या दिवशीची, हात न लावलेली. उघडतो. फोन ठेवू नका."

ती उभीच राहिली. बाहेर मारुतीराव कुणालातरी मोठ्यानं सांगत होते, "मेसेज चुकीचा होता बाबा, मी सेक्रेटरी बोलतोय, माझ्यावर विश्वास ठेव." आतल्या खोलीतून शालूबाईचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मिळालं," वृषभ म्हणाला. "वाडीतली तिघं आणि आणखी एक बाई, चौघं एकाच नंबरावर हैत. नंबर तेजस्वी म्हणून कुणाचा तरी आहे."

"ती तिकडची आशाताई, गावातली आरोग्यसेविका. आणि मष्णू?"

"यशोदाबाईच्या नंबरावर. नंबर सूरजचा. मुलगा असणार त्यांचा."

तेजस्वीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चौघंबी माझ्या डोळ्यासमोर हैत आक्का. एकीला काल बघितलं तवा डोळा लाल दिसलाता, म्या म्हटलं ऑपरेशनचं असंल. जीप धाडा. मी स्टेशनच्या रस्त्यावर आणून उभी करते." जीप लगेच सुटली.

सूरजचा फोन मात्र नुसता वाजत होता. सकाळपासून नर्सनंही तो लावून पाहिला होता. केसपेपरवर यशोदाबाईच्या नावापुढं कुणीतरी लिहिलं होतं: मुलगा मच्छे, कारखान्यात. कारखान्याचं नावही होतं.

रूपालीनं स्कूटर काढली. खानापूर रोडवर शनिवारची गर्दी, ट्रका, उसाचा ट्रॅक्टर. मच्छेला पोचेपर्यंत तिच्या डोक्यात रवळू उभा होता. कारखान्याच्या गेटवर वॉचमननं अडवलं. फोन सगळे गेटवर जमा, शिफ्ट सुटल्याशिवाय माणूस बाहेर येत नाही, साहेबांची परवानगी आणा. तो कानडीत बोलत होता. तिनंही कानडीतच सांगितलं, "अण्णा, त्याच्या आईचा डोळा जाईल. साहेबांना तुम्ही सांगा, नाहीतर मला आत सोडा." वॉचमननं तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि आत पळाला.

सूरज आला तो हाताला तेल, कपाळावर घाम. काही कळलं नव्हतं, पण चेहरा उतरला होता.

"आई माझ्याच खोलीवर हाय," तो म्हणाला. "सकाळी बरी हाय म्हणाली."

खोली कारखान्यामागंच होती. यशोदाबाई अंधारात भिंतीला टेकून बसली होती. दार उघडल्याबरोबर उजेडानं तिनं तोंड फिरवलं.

"दुखतंय काय?" रूपालीनं विचारलं.

"कालधरनं."

"मग सांगितलं का न्हाईस आई?" सूरज ओरडलाच.

"तुझी पाळी बुडाली असती," ती म्हणाली.

"आणि मष्णूमामा?" रूपाली.

"सूरजचा मामा परवाच गावाकडं गेला. शेतावर खोपट हाय, तिथं असणार. त्येच्याकडं फोनच न्हाय."

रूपालीनं यशोदाबाईला स्कूटरवर मागं बसवलं, पदरानं तिचा डोळा झाकला. सूरज गाडी काढून गुंजीकडं सुटला. जाताना तिनं त्याला एवढंच सांगितलं, "म्हातारा न्हाय म्हणाला तर मला फोन लाव. एकटा भांडत बसू नकोस."

हॉस्पिटलात आली तेव्हा आवार माणसांनी भरलं होतं. काळे चष्मे लावलेली म्हातारी माणसं बाकांवर, पायऱ्यांवर, नारळाच्या झाडाखाली. मॅडम एकामागून एक तपासत होत्या. ज्यांची नावं त्या घ्यायच्या त्यांना नर्स सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायची. बाकीच्यांची नातेवाईक मंडळी त्या दाराकडं बघत बसलेली. कुणीतरी मारुतीरावांची कॉलर धरली, मग कुणीतरी सोडवली.  यशोदाबाईचं नाव लगेच घेतलं गेलं.

जीप आली, चौघं उतरली, मागोमाग तेजस्वी. मष्णू नव्हता. दुपार उतरायला लागली होती.

मग सूरजचा फोन आला. "आक्का, मामा ऐकंना. डोळा दुखत न्हाय म्हंतोय. डॉक्टर पैशासाठी परत बोलवत्यात म्हंतोय."

"त्यांच्या कानाला लाव."

वाऱ्याचा आवाज, मग म्हाताऱ्याचा जाड आवाज. "कोण बाई तू?"

"मी रूपाली. मामा, एक काम करा. चांगला डोळा हातानं झाका. घट्ट. झाकलासा?"

"व्हय."

"आता समोर सूरज उभा हाय, त्येच्या अंगात कसला शर्ट हाय सांगा."

वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. 

"परवा दिसत हुतं," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आता नुसता उजेड हाय. माणूस न्हाय."

"सूरजच्या गाडीवर बसा मामा. मी इथंच उभी हाय."

सूरजनं त्याला स्वतःच्या पाठीला त्याच्याच डोक्याच्या पटक्यानं बांधून आणलं, झोप लागून पडेल या भीतीनं. ऊन पिवळं झालं तेव्हा ते गेटमधून आत आले. बत्तिसावा पेशंट मष्णू होता.

बत्तीसपैकी सात जणांच्या डोळ्यात संसर्ग निघाला. दोघांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागलं. यशोदाबाईचा डोळा पूर्ण वाचला. मष्णूला आता माणसाचा आकार दिसतो, तोंड ओळखू येत नाही. शालूबाईचा डोळा गेला. ती सगळ्यात आधी आली होती, पण तिला संसर्ग सगळ्यात आधी झाला होता.

औषधाची पेटी तपासणीला गेली, चौकशी लागली, ट्रस्टची बैठक बसली. तिथं वृषभ स्वतः उठून म्हणाला, "नोंदी एकत्र करायचं काम माझं. मी विचारायला पाहिजे होतं, त्या नंबरामागं माणसं किती ते." रूपाली म्हणाली, "त्यानं मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."  शेवटी मारुतीराव म्हणाले, "जुन्यावर परत जायचं काय?"

"कशावर जायचं सर? ते तर त्याच दिवशी मेलं," रूपाली म्हणाली. "कॉपी नसती तर आपल्याकडं काहीच नव्हतं. नवीनच ठेवूया. पण नीट."

वृषभ आठवडाभर अनगोळात राहिला. पहिल्या कॉपीपासून सगळं पुन्हा भरलं. या वेळी माणूस वेगळा आणि फोन वेगळा. एका फोनवर कितीही माणसं असू देत, प्रत्येकाची नोंद स्वतंत्र. फोन कुणाचा, पेशंटशी नातं काय, तो दिवसा उचलतो का, हेही लिहायचं. आपोआप जाणारा मेसेज काउंटरवरचं कुणीही थांबवू शकेल असं केलं. रोज संध्याकाळी एक कॉपी हॉस्पिटलाबाहेर जाते. केसपेपरवर नंबर पुन्हा लिहितात. नवीन शिबिराचे पेशंट आले की आता रूपाली आधी मोजते, मग स्क्रीनवरचा आकडा बघते.

एका रविवारी ती रेल्वेनं गुंजीला गेली. शालूबाईच्या घरी. मॅडम म्हणाल्या होत्या, मीही येते, पण रूपालीनं एकटीनं जायचं ठरवलं होतं. शालूबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. बोटांनी चाचपून, पण भराभर.

रूपालीनं सगळं सांगितलं. औषधाचं, मेसेजचं, नोंदींचं. शालूबाईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मला कुणी लवकर फोन केला असता तर वाचला असता काय?"

"न्हाय," रूपाली म्हणाली. "तुमचा डोळा फोनमुळं न्हाय गेला. पण गेला आमच्याकडंच."

शालूबाईनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "दुसऱ्यातबी मोतीबिंदू हाय म्हंत्यात. त्यो कोण काढणार?"

'आमच्याकडं या' हे शब्द रूपालीच्या तोंडातून निघेनात. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथं. म्हणाल त्या डॉक्टरकडं. मी संगं येते, ऑपरेशन होईपर्यंत बसते."

"भ्या वाटतंय गं," शालूबाई म्हणाली. आणि पुढची शेंग उचलली.

निघताना सुनेनं चहा दिला. रूपालीनं सुनेचा नंबर घेतला, आणि सून शेतावर असली तर उचलायला शेजारणीचा.

तेव्हापासून दर पंधरवड्याला ती फोन लावते. हवापाण्याचं बोलणं होतं, भाताचं होतं, गुडघ्यांचं होतं. डोळ्याचं ती स्वतःहून काढत नाही. परवा शालूबाईनंच काढलं. म्हणाली, "अजून धीर हुईना. पण तू फोन कर."